हळद्या आणि कोशाचा पतंग

“हळद्या मारू नको, बा,” भागीरथा म्हणाली. “आता लय कमी दिसतात ते.”

किडे टिपणाऱ्या त्या पिवळ्या पाखरावर धरलेली गुलेल लटारूने खाली केली नाही. “अन् माहे किडे वाढून राह्यले का?”

येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोसा रेशमाचे हिरवे किडे पानं कुरतडत होते. झाडांभोवती राखेची रेघ होती. कोसा उतरेपर्यंत, म्हणजे झाडावरचे कोश काढून होईपर्यंत, पाळणाऱ्याने रेघेच्या आत एकट्याने राहायचं, एकवेळ जेवायचं, कुणाला शिवायचं नाही. जन्म मासे मारण्यात गेला असला तरी मासोळी तोंडात घालायची नाही. नाहीतर किडे मरतात, असं सारे मानत. भागीरथा मानत नसे. ती मूल गावातल्या शाळेत शिकवायची, दसऱ्याच्या सुट्टीत गावी आली होती. तरी भाताची टोपली तिने रेघेबाहेरच ठेवली.

“तुह्या पुस्तकात हळद्याचं चित्र आहे ना? माह्या पतंगाचं आहे का?”

“नाई.”

“कसं राहीन? हळद्या गाते. गाणाऱ्याचं मरण साऱ्या गावाले समजते. पतंगाले गळा त सोड, खायाले तोंड बी नाई. कोशातून निंगते, अंडे देते, उपाशी मरते. ठेकेदारानं येनं तोडले का आपलं बियाणं संपलं.”

“मंग दोघंबी जगू दे.”

“हळद्याले तूच समजाव, मास्तरीनबाई!” लटारू हसला. हसता हसता खोकला लागला. त्याने झाडाला हात टेकला.

“हात काऊन कापून राह्यला?”

“उपासानं. कोसा उतरला का मासोळी खाईन पोटभर.”

ती पुन्हा हळद्याबद्दल बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूचा भाऊ मुखरू रेघेपाशी गेला, तेव्हा लटारू झाडाखाली गार पडला होता.

भागीरथा रडली नाही. बायका आल्या, गेल्या. ती पाण्याचे हंडे भरत राहिली. भरलेला हंडाही तिने पुन्हा भरायला घेतला. सुतकातल्या घराचं कुणी येनाखाली जात नसे.

“पाखरं खातीन त खाऊ दे,” मुखरू म्हणाला. “तू गेली तरी किडे मरतीनच, पोरी.”

“जाऊ दे मले, काका. बाचं शेवटचं बियाणं आहे.”

मुखरूने तोंड फिरवलं. अडवलं मात्र नाही.

तिने रेघ ओलांडली. काही वाटलं नाही. वरच्या फांदीवर हळद्या बसला होता, पिवळाजर्द. त्याने एक गोड शीळ घातली आणि किडा उचलला. त्याला हाकलायलाच ती आली होती. तिने तोंड उघडलं. हाकारा निघाला नाही.

झाडाखालचं गवत एका माणसाएवढं दबलेलं होतं. ती तिथे बसली. त्या दिवशी तिने हळद्याची बाजू मांडली होती, पतंगाचीही मांडली होती. बाची तेवढी राहिली होती. तिने गवतावर हात ठेवला.

“उपास सोड, बा,” ती मोठ्याने म्हणाली. “घरी चाल.”