गुरुवारचं भरीत

“नाना, गुरुवारले पाऊस शे. नक्की.”

“कितला?” पलीकडून रूपाच्या वडिलांनी, सुकदेवांनी विचारलं.

“कापूस भिजी जाई, इतला.”

मग सुकदेव म्हणाले, “बरं.” आणि फोन बंद झाला.

रूपा हातातल्या फोनकडे बघत राहिली. जळगावच्या हवामान सल्ला कार्यालयात ती नोकरीला होती. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांचा आठवड्याचा अंदाज तीच लिहायची. आज सोमवार, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं लिहिलं होतं : गुरुवारी व शुक्रवारी मेघगर्जनेसह पाऊस, शनिवारपासून आकाश मोकळं, रात्रीची थंडी वाढेल. वेचणीला आलेला कापूस बुधवारपर्यंत घरात आणावा.

“‘शक्यता आहे’ असं घाला की कुठेतरी,” साहेब म्हणाले होते. ते का म्हणाले हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात, तिनं असाच पाऊस सांगितला होता. तिच्या शब्दावर सगळ्या गावानं अर्धी उमललेली बोंडंही ओढून काढली. आणि आठवडाभर पावसाचं टिपूस आलं नाही. तेव्हापासून सुकदेव पारावर गेले, की गावातला कौतिक हटकून विचारायचा, “सुकदेवभाऊ, पोरना पाऊस कोठे अटकना?” लोक हसायचे.

तरी या वेळी रूपानं ‘शक्यता’ घातली नाही. वाऱ्याची दिशा, समुद्रावरची आर्द्रता, उपग्रहाची चित्रं, सगळं तिनं तीनदा तपासलं होतं.

मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. भागाबाईंचा आवाज वैतागलेला होता.

“तुझ्या नानांनी गावजेवण सांगितलंय. भरीत आणि कळण्याची भाकरी. मजुरांसकट बठ्ठा गावले.”

“सगळ्या गावाला? कधी?”

“गुरुवारी. मळ्यात.”

“गुरुवारी? अगं, मी त्यांना पाऊस सांगितलाय!”

“मी बी तेच बोलले. म्हणे, येऊ दे.”

रूपानं फोन ठेवला. तिला रागही धड येईना. गावानं हसावं, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण नानांनी तिचा अंदाज ऐकून घ्यावा आणि नेमका त्याच दिवशी उघड्या मळ्यात गाव जेवायला बसवावा? निदान त्यांच्याकडून तिला ही अपेक्षा नव्हती.

बुधवारी दिवसभर आकाश निळंशार होतं. रूपा दर तासाला खिडकीशी जाऊन यायची. संध्याकाळी तिनं रजेचा अर्ज टाकला. हसं व्हायचं असेल तर नानांच्या शेजारी बसून होऊ दे, असं तिनं ठरवलं.

गुरुवारी सकाळी ती गाडीत बसली तेव्हा जळगावात ऊन होतं. अमळनेरला ऊन मळकट झालं. दोंडाईच्याला उतरली तर पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढून येत होतं. तिला आनंद झाला, पण दुसऱ्याच क्षणी आठवलं : गावाचा कापूस! या दिवसांत तिथली शेतं पांढरीफेक असतात. एक पाऊस झाला, की सगळा कापूस पिवळा पडणार.

रिक्षा गावाच्या शिवारात शिरली. रूपानं बाहेर डोकावून पाहिलं आणि पाहतच राहिली. पहिलं शेत, दुसरं, तिसरं. एकाही झाडावर पांढरं बोंड नव्हतं. सगळी शेतं वेचून स्वच्छ झालेली.

पहिला थेंब तिच्या कपाळावर पडला. मग धो धो.

मळ्यात कुणीच नव्हतं. सगळा गाव मारुतीच्या सभामंडपात बसला होता. चुली तिथेच, पंगत तिथेच. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि पोरं ओरडत होती. भिजलेली रूपा दारात दिसताच कौतिक पंगतीतूनच मोठ्यानं म्हणाला,

“ये वं बेटा! तुझा पाऊस आला! पण तुझ्या बापाचं नशीब बघ. गुरुवारी गावजेवण म्हटल्यावर मजूर कोण येणार? म्हणून आम्ही सगळ्यांनी धावपळ करून बुधवारीच वेचणी उरकली. अन् आज हा पाऊस! एक बोंड भिजलं नाही.”

“आणि जेवण तर मळ्यात होतं ना?” रूपानं विचारलं.

“होतं. पण सुकदेवभाऊनी कालच चुली इकडे मांडल्या. म्हणे, मळ्यात धूळ फार.”

रूपानं वळून पाहिलं. सुकदेव खांद्यावर पंचा टाकून, वाकून भरीत वाढत होते. वाढत वाढत ते तिच्यापर्यंत आले.

“नाना,” ती हळूच म्हणाली, “गावाला सरळ सांगायचं ना, पाऊस येतोय म्हणून.”

सुकदेवांनी तिच्या पानात भरिताचा मोठा गोळा ठेवला. मग इकडेतिकडे बघून, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले,

“तुन्हा पाऊसवर मी एकलाच इसवास ठेवस, बेटा. भरीतवर बठ्ठा गाव ठेवस.”