दमलेल्याची खुर्ची

रात्रभर विमानात अवघडून अण्णांचं अंग आंबून गेलं होतं. लेक केतकी त्यांना घ्यायला आली होती, आणि आता सिंगापुरातल्या तिच्या वसाहतीभोवती गोल फिरणाऱ्या छोट्या, बिनचालकाच्या गाडीत दोघं दांडी धरून उभी होती. गाडीत एकच खुर्ची उरली होती, भिंतीला दुमडलेली. ती आपोआप उघडली आणि तिच्या पाठीवर नाव उजळलं: केतकी.

"अण्णा, तुम्ही बसा ना," ती ओशाळून म्हणाली. अण्णा बसायला गेले, तशी खुर्ची पुन्हा दुमडली.

"म्हाताऱ्यालाच उभं ठेवायचं? बरी आहे तुमची पद्धत!"

"वय नाही बघत ती, अण्णा. दांडीवरच्या हातावरून थकवा मोजते. जो जास्त दमलेला, त्यालाच बसू देते."

"अगं, रात्रभर जागा आहे मी. माझ्यापेक्षा तू दमलीस?"

केतकी पुढे झाली, तशी खुर्ची पुन्हा उघडली. ती बसली आणि पाठ टेकताच तिचा डोळा लागला. अण्णांची पिशवी मांडीवर तशीच राहिली.

तिचं स्टेशन आलं. अण्णांनी तिला उठवलं नाही. गाडी फिरून परत इथेच येणार होती. पाय भरून आले होते, तरी ते उभे राहिले.

तेवढ्यात मिरजेहून बायकोचा फोन आला. "पोचलात का? पोरगी कशी आहे हो?"

दर रविवारी केतकी फोनवर जे सांगायची, तेच अण्णांनी हळू आवाजात सांगितलं, "मजेत आहे."