कोरडी चादर

“दोन वर्षं चादर कोरडी होती, हे तुम्ही मला कौतुकानं सांगताय,” सर्जन म्हणाला आणि त्याने टेबलावरचा संगणकाचा पडदा आजींकडे वळवला. “ती ओली झाली असती तर बरं झालं असतं.”

आजी ताठ बसल्या होत्या. हा माणूस आपल्या मुलाच्याच वयाचा असावा, हे त्यांनी आत शिरताना ताडले होते. आणि त्या वयाच्या माणसाचे ऐकून घेण्याची त्यांना सवय नव्हती.

“अकरा वर्षांची मुलगी अंथरूण भिजवत नाही, हे कौतुकाचं नाही तर काय?”

“हिच्या बाबतीत नाही.” त्याने पेनाच्या टोकाने पडद्यावर दाखवले. “जन्मापासून मणक्यात दोष. मूत्राशयाला मेंदूचा निरोपच पोचत नाही, ते आपणहून रिकामं होत नाही. म्हणून तर दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायला शिकवलं होतं तुम्हाला. नळी थांबली. मूत्राशयाचं तोंड आवळलेलं, म्हणून दिवसा जोर करून निघेल तेवढी थोडी बाहेर, रात्री थेंब नाही. मग उरलेली लघवी गेली कुठे? उलटी, वर. मूत्रपिंडांत. उजवं संपलंय. डावं निम्मं शिल्लक आहे.”

आजींचा मुलगा स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला. सून नातीच्या खुर्चीमागे उभी होती. बसायला जागा असूनही ती बसली नव्हती.

“परवा ऑपरेशन करू. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करायचं, म्हणजे आतला दाब उतरेल. अपेंडिक्सची वाट काढून ती बेंबीत आणायची. पुढे नळी तिथून. बसल्या जागी, हिची ही घालेल.”

“बेंबीतून?” नात म्हणाली. तिने पट्टे बांधलेले दोन्ही पाय खुर्चीवर सारखे करून घेतले. “मग शाळेत माझ्यासारखं कुणालाच जमणार नाही.”

“एकालाही नाही.” सर्जन हसला, पण मोठ्यांकडे वळेपर्यंत ते हसू मावळले होते. “मात्र वेळ चुकवायची नाही. ही शिवलेली पिशवी. तुंबली तर फुटते, आणि फुटली तर माझ्यापर्यंत यायलाही सवड मिळत नाही. म्हणून हे ऑपरेशन मी घर बघून करतो. नळी कुणी थांबवली?”

आजींना ती सकाळ लख्ख आठवली. कोरडी चादर त्यांनी दोन्ही हातांनी झटकून घरभर दाखवली होती. ‘पुरे झाला हा छळ. घड्याळ लावून पोरीला उघडं पाडायचं, ही कसली रीत?’ असे म्हणून नळ्यांचा डबा त्यांनी आपल्या कपाटात ठेवला होता आणि कुलूप घातले होते. सुनेने दोनदा किल्ली मागितली. तिसऱ्यांदा मागितली नाही.

खोटे बोलणे आजींच्या रक्तात नव्हते. त्यांनी मान वर केली. फक्त वाक्य ‘मुलीच्या भल्यासाठी’ असे सुरू करावे, की ते शेवटी ठेवावे, एवढाच विचार चालला होता.

“मी,” सून म्हणाली.

नात गर्रकन मागे वळली. “पण आई, डबा तर…”

सुनेने तिच्या खांद्यावर हात दाबला.

“दोन वर्षं?” सर्जनने पेन खाली ठेवले. “एकदाही वाटलं नाही तुम्हाला काही?”

“कंटाळले होते.”

“मग तुमच्या हातात मी हे देणार नाही.” त्याने खणातून नळीच्या वेळांचा तक्ता काढला. “घरात शब्द कुणाचा चालतो?”

“आमच्या आईचा,” मुलगा म्हणाला. इतक्या वेळात तो बोलला ते एवढेच.

“बरं झालं. आजी, तुम्ही शिस्तीच्या दिसता. तक्ता तुमच्याकडे राहील. जबाबदार व्यक्ती म्हणून इथे सही करा.”

आजींनी चष्मा लावला. सुनेकडे पाहिले, सून खिडकीकडे पाहत होती. नात मात्र त्यांच्याकडेच पाहत होती, डोळ्यांची पापणी न लववता. आजींनी सही केली. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले.

“यांच्याकडून शिका काही,” सर्जन सुनेला म्हणाला.

“हो,” सून म्हणाली.

मुलगा नातीला रक्त तपासायला घेऊन गेला. बाहेरच्या लांबलचक बाकावर दोघीच उरल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

“माझी चूक अंगावर घे, असं मी तुला सांगितलं नव्हतं, सूनबाई,” आजी म्हणाल्या. “मी बोलणारच होते.”

“माहीत आहे.”

“मग? मोठेपणा मिरवायचा होता?”

“तुम्ही बोलला असतात. त्यांनी तुम्हाला चार शब्द सुनावले असते. तुम्ही उठून चालू लागला असतात आणि हे तुमच्या मागोमाग, पोरीला उचलून.” सुनेने फाईलमधले कागद क्रमाने लावायला घेतले. तिचा आवाज जराही चढला नव्हता. “मागच्या वर्षी त्या डॉक्टरीणबाईंनी नळी का थांबवली एवढंच विचारलं होतं. जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, आई.”

आजींनी हातातल्या तक्त्याची घडी घातली.

“तेव्हा उजवं चालू होतं,” सून म्हणाली.