पुढे गेलेला आवाज

अमेरिकेत, मिलवॉकीतल्या आपल्या घरी टीव्हीला जोडलेला संगणक लोवेलने स्वतः बसवला होता. त्यामुळे तो धड कधी चालला नाही, आणि दोष मात्र कायम इंटरनेटला मिळाला.

दुपारी त्याला ऑफिसात बायकोचा, मार्लिसचा, घरून फोन आला. "सिनेमा लावला, तर टीव्ही मुका झालाय. पुन्हा तिथून बोटं घातलीस ना?"

घातली होती. सकाळी ऑफिसातल्या संगणकावरून तो दुरूनच घरच्या संगणकात शिरला आणि बाहेर पडायला विसरला, म्हणून तिकडचा आवाज इकडे त्याच्या हेडफोनमध्ये येत होता.

"एकच मिनिट गं." त्याने एका कानाला फोन धरला, दुसऱ्याला हेडफोन.

हेडफोनमध्ये सिनेमा नव्हता. मार्लिस म्हणत होती, "तुझं एक मिनिट म्हणजे माझं म्हातारपण."

मग फोनवर मार्लिस म्हणाली, "तुझं एक मिनिट म्हणजे माझं म्हातारपण."

त्या संगणकाला माइकच नव्हता. शिवाय असा दुरून येणारा आवाज फार तर मागे पडतो. पुढे कधी जात नाही.

हेडफोनमध्ये मागचं दार उघडलं. "आलो गं," कोणीतरी म्हणालं. आवाज लोवेलचा होता.

"लोवेल? मग फोनवर कोण आहे?" हेडफोनमधली मार्लिस म्हणाली.

"ठेव तो," त्याचाच आवाज म्हणाला.

हेडफोनमध्येच फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर तिथे काहीच ऐकू येईना.

"मार्लिस, फोन ठेवू नकोस," लोवेल हातातल्या फोनमध्ये म्हणाला. " कोणीही सांगितलं तरी ठेवू नकोस. ऐकतेस ना?"

"आता काय मोडलंस?" ती हसली, आणि तिच्या पाठीमागे दार उघडलं.