कूट

"एकही शेंगदाणा नाही, आजोबा. बिनधास्त जेवा," वेटर म्हणाला, तरी विष्णुपंतांचा हात शर्टाच्या खिशावरून हलेना. खिशात सुनेने दिलेलं इंजेक्शन होतं. गेल्या वर्षी चिक्कीच्या एका तुकड्याने नातीचा घसा सुजून श्वास कोंडला होता.

तिला कोल्हापूर दाखवायला ते एकटेच घेऊन आले खरे, पण सकाळपासून कुठे काही खायचा त्यांना धीरच होईना. भेळेच्या गाडीवर शेंगदाणे, चहाच्या टपरीवरही बरणीत शेंगदाणे. पोर भुकेने कळवळली, तेव्हा कुठे ही खानावळ त्यांना बरी वाटली.

ताटं आली. आठ वर्षांच्या शाल्मलीने दोडक्याच्या भाजीला भाकरी लावली, घास तोंडापाशी नेला आणि ती थांबली.

"काका, भाजीत कूट घातलंय का?"

"कूट व्हय? ते घालणारच की! त्याबिगर चव कुठली?"

विष्णुपंतांनी तिच्या हातातला घास हिसकावून घेतला. "अहो, मग मघाशी नाही कसं म्हणालात?"

"तुमी शेंगदाणं इचारलं, आजोबा. आमी कूट घालतो."

वेटर चेष्टा करत नव्हता. जन्मभर कुटाची भाजी खाऊनही हे विचारायचं विष्णुपंतांना सुचलं नव्हतं. नातीला जवळ घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तशी ती घाईने मागे सरकली.

"आधी हात धुऊ या, आजोबा. आपल्या दोघांच्याही बोटांना लागलंय."