अर्जदाराचं नाव

"उद्या करतो सही," असं म्हणून सासऱ्यांनी चपला पायात सरकवल्या आणि ते बाहेर पडले.

हे त्यांचं पाचवं उद्या होतं. सुनेने अर्ज पुन्हा फाइलमध्ये घातला. छतावर सोलर आणि सोबत बॅटरी बसवली, तर जवळपास निम्मा खर्च सरकार देणार होतं. घर आणि मीटर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून अर्जावर सही त्यांचीच लागत होती. पण अर्ज महिनाअखेरच्या आत जायला हवा होता आणि महिना संपायला चारच दिवस उरले होते.

उरलेला निम्मा खर्च ती स्वतःच्या कमाईतून करणार होती. पुढच्या खोलीत तिचं एम्ब्रॉयडरीचं मशीन होतं. शाळांच्या गणवेशांवरचे बिल्ले ती त्यावर भरायची. बिल्ला अर्धा झाला की वीज हमखास जायची, आणि परत आली की टाका केसभर सरकलेला असायचा. गेल्या महिन्यात एका शाळेचा सिंह तिच्या हातून मांजर होऊन निघाला होता. "मांजरही काही वाईट नाही दिसत," असं सासरे म्हणाले होते. मुख्याध्यापिकाबाईंना मात्र ते पटलं नव्हतं.

घरात ही दोघंच. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. सासरे बत्तीस वर्षं लाइनमन होते, उभा जन्म विजेच्या खांबांवर गेलेला. सोलरचं नाव काढताच ते नाक मुरडतील असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. एकाहत्तराव्या वर्षी शिडी लावून ते छतावर चढले आणि पाण्याच्या टाकीची सावली दर तासाला कुठवर येते, ते त्यांनी खडूने आखून ठेवलं. सोलर बसवणारा मोजमाप घ्यायला आला तेव्हा त्याला काही कामच उरलं नव्हतं. "आजोबा, आमच्याकडे नोकरीला या," म्हणाला. त्यावर दोन दिवस सासऱ्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग नणंदेचा फोन आला. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मशीनवर बसलेल्या सुनेच्या कानावर मधलेच शब्द पडले. "बाबा, तिचं वय ते काय? उद्या तिने दुसरा संसार मांडला तर? घर तुमच्या नावावर..." पुढचं मशीनच्या खडखडाटात बुडालं.

त्या दिवसापासून सही उद्यावर गेली. सासरे रोज सकाळी रेक्झिनची जुनी पिशवी घेऊन निघायचे आणि दुपारी घामाघूम होऊन परतायचे. मध्ये दोन दिवस लेकीकडेही राहून आले. जेवताना हवापाण्याच्या गप्पा मारायचे. अर्जाचा विषय निघाला की त्यांना हटकून ठसका लागायचा. सून पाण्याचा पेला पुढे करायची आणि विषय सोडून द्यायची. बापलेकीचं काही चुकतंय असंही तिला वाटत नव्हतं. शेवटी घर त्यांचं. पण ज्या माणसाच्या चहात साखर किती हे आपल्याला झोपेतही सांगता येईल, त्याने एवढी गोष्ट तोंडावर सांगू नये, हे तिला लागलं होतं.

शेवटच्या दिवशी सोलर बसवणारा स्वतःच दारात येऊन उभा राहिला. "ताई, पाच वाजता अर्ज घेणं बंद होईल. मग मला बोल लावू नका."

सासरे नुकतेच बाहेरून येऊन टेकले होते. त्याने अर्ज त्यांच्यापुढे धरला. "आजोबा, इथे एक सही, की झालं."

"मी नाही करणार," सासरे म्हणाले.

सुनेचा बांध फुटला. "मनात नव्हतं तर पहिल्या दिवशीच सांगायचं होतं, बाबा. तीन आठवडे मला टांगून का ठेवलंत? मी काही तुमचं घर उचलून नेणार नव्हते!"

सासरे गडबडले. "अगं, त्या कचेरीतली माणसं! रोज आपलं उद्या या, उद्या या. त्यांचं उद्या, म्हणून माझं उद्या." त्यांनी घाईघाईने पिशवी उघडली आणि आतले कागद तिच्या हातात कोंबले.

वर विजेचं बिल होतं. ग्राहक म्हणून त्यावर तिचं नाव छापलेलं होतं. खाली शिक्क्यांनी भरलेला जाड दस्त होता. सासऱ्यांनी राहतं घर सुनेला बक्षीस दिलं होतं. साक्षीदारांमध्ये पहिली सही नणंदेची होती.

"तिनेच माझे कान उपटले," सासरे म्हणाले. "म्हणाली, घर तुमच्या नावावर आणि पैसा तिने ओतायचा, हे शोभतं का तुम्हाला? उद्या तिने दुसरा संसार मांडला, तर पोरगी रिकाम्या हाताने जाईल."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस?"

सोलरवाल्याने घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच पेन सुनेकडे वळवलं. तिने डोळे पुसले, अर्जदाराच्या जागी आपलं नाव लिहिलं आणि सही केली. तो अर्ज घेऊन जवळजवळ पळतच गेला.

तिने कागद नीट लावून पुन्हा पिशवीत ठेवले.

"आणि बाबा, मी खरंच दुसरा संसार मांडला तर?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी नीट विचार केला.

"मग हे घर तू भाड्याने देशील ना? मलाच दे. भाडं वेळेवर देईन."