डागाचं रोप

ओतूरच्या पाहुण्यांना खुशबू पसंत पडली, तसे तिचे आजोबा रमणलाल खुलले. "आता गच्चीवर चला, माझी जाड, रसाळ पानांची सक्युलंटची रोपं दाखवतो. सगळी बियांपासून वाढवलीत. बी एकाच बोंडातलं, पण दोन रोपं सारखी नाहीत. एकाच्या पानांवर तर पांढरे डाग उमटलेत. असं रोप लई नशिबानं मिळतं."

बोलत बोलत जिना चढून त्यांनी दार उघडलं आणि त्यांचा पाय उंबऱ्यातच अडखळला. कुंड्यांपाशी धाकटी नात पलक बसली होती. पाहुणे जाईपर्यंत खाली येऊ नकोस, असं सकाळी त्यांनीच तिला बजावलं होतं. रोपांच्या कौतुकात ते साफ विसरले होते. पलकने कोड आलेले हात चटकन ओढणीखाली घेतले.

"ही कोण?" मुलाच्या आईने विचारलं.

रमणलालांनी नजर कुंड्यांकडे वळवली. पलकच उठून बाजूला झाली.

"मी झाडांना पाणी घालायला येते, काकू. शेठजींचं ते डागाचं रोप बघा, लई लाडकं आहे त्यांचं."

मुलाच्या आईने रमणलालांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग ती मान त्यांना वर करता आली नाही.